सातवी जाळी

मी फ्राउ केसलरकडे डांबर आणायला गेले होते. छत गळत होतं, एवढंच काम.

एकसष्ट सालचा नोव्हेंबर. आम्ही तेव्हा जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या बाहेर, ऱ्हाईनच्या एका साचलेल्या फाट्याकाठी चाकांच्या घरात राहत होतो. तिथे त्याला वोनवागेन म्हणतात. पत्र्याचं छत, प्लायवुडच्या भिंती आणि खाली चाकं, तीही चिखलात अर्धी रुतलेली. आमचे हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आले होते आणि तान्हं मूल असलेल्या परदेशी जोडप्याला गावात कुणी खोली देईना.

फ्राउ केसलर त्या जागेची राखणदार. डबा हातात देताना म्हणाली, "देते, पण उगाच. छताला भोक नाही, मी स्वतः वर चढून बघितलंय. तुमचं पाणी वरून येत नाही, फ्राउ दामले."

"मग कुठून येतं?"

"आतून. भिंतींना सात जाळ्या आहेत. सातही उघड्या ठेवा. लुफ्टन. वारा खेळू द्या."

मी हो, हो म्हणत मान हलवली आणि परत आले. पाच महिन्यांच्या पोरीच्या अंगावर वारा खेळवायला सांगणारी बाई! हिला मूलबाळ नसणार, असं मनात आलं.

खरं सांगायचं तर जाळ्या मीच बुजवल्या होत्या. सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असे, 'बाळाला वारं लागू देऊ नकोस, फटीतला वारा बाणासारखा लागतो.' मी जुनं पातळ फाडलं, बोळे केले आणि सुरीच्या टोकाने जाळ्यांत कोंबले. रोज उल्काला न्हाऊमाखू घालायचं, ओव्याची धुरी द्यायची, दोरीवर लंगोट वाळत टाकायचे. तरी तिच्या छातीतली घरघर थांबेना. घरघर वाढली की मी बोळे आणखी घट्ट करायची.

आणि घर सडत होतं. गादी उलटली की खाली काळी लव, मांजराच्या पाठीसारखी. जमिनीवरच्या लिनोलियमवर पाय दिला की कडेने पिवळं पाणी पचकन वर यायचं. एका सकाळी उल्काच्या दुपट्यावर चकाकती रेघ दिसली. रेघेच्या टोकाशी, तिच्या गळ्याजवळ, बोटाएवढी बिनशंखाची गोगलगाय. मी ती कागदाने उचलली, पण तिचा चिकटा माझ्या बोटांवरून तीन वेळा साबण लावूनही गेला नाही. वास तर बोलायलाच नको. आंबलेलं दूध, ओली लोकर आणि त्याखाली काहीतरी गोडसर. केसांत, कुंकवाच्या डबीत, भातात, सगळीकडे.

संध्याकाळी डांबराचा डबा बघून हे हसले. मग त्यांनी छताखालचा एक थेंब बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला.

"गळत नाहीये, सुलेखा. हा आपला श्वास आहे, तिघांचा. थंड पत्र्याला लागला की त्याचं पाणी होतं."

"म्हणजे... उष्टं?"

"शास्त्रात उष्टं नसतं गं."

त्यांच्या शास्त्रात नसेल. मी तेच पाणी रोज फडक्याने टिपून पिळत होते. तेच थेंब थेंब पाळण्यात पडत होतं, उल्काच्या ओठांवर. मी बाहेर जाऊन ओकले.

त्याच संध्याकाळी बोळे उपसले. काळे, बुळबुळीत, शेवाळलेले. मोजले तर सहा.

"अहो, ती सात म्हणाली होती."

"म्हातारीची मोजणी चुकली असेल. सोड."

दुसऱ्या दिवशी हे हॅनोव्हरला गेले, तीन दिवसांसाठी. मी एकटी राहायला नको म्हणून उल्काला घेऊन नदीपलीकडे मानहाइमला माझ्या मैत्रिणीकडे, स्नेहलताकडे गेले. जाताना स्टोव्ह बंद केला, कुलूप लावलं. सहाही जाळ्या उघड्या होत्या.

तिथेही उल्काची घरघर तशीच राहिली. चौथ्या दिवशी दुपारी परतले. चारच वाजले होते, पण धुक्यात दिवस मावळल्यासारखा. दार उघडलं आणि आतून ऊब आली.

तीन दिवस स्टोव्ह बंद होता. बाहेर पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि आत... कुणीतरी तोंडापर्यंत पांघरूण घेऊन झोपलंय, तशी दमट ऊब. तोच गोड वास. बाकी खिडक्या कोरड्या होत्या. फक्त पाळण्याशेजारची काच धुरकट झाली होती आणि वरून पाणी ठिबकत होतं. टप... मग थांबायचं... मग टप. उल्का माझ्या कडेवर होती. तिची घरघर त्या ठेक्यातच चालली होती.

तिघांपैकी कुणीच घरात नव्हतं. मग हा श्वास कुणाचा?

पळून जायला हवं होतं. पण डोक्यात एकच घोळत होतं, सातवी जाळी कुठे आहे? पोरीची छाती मोकळी व्हायची तर ती उघडायला हवी. मी पाळणा ढकलला. मागची भिंत फुगली होती. हात लावला तर मऊ लागली, ओल्या पावासारखी. बोट आरपार गेलं. मी प्लायवुड ओरबाडलं, त्याचे थर सालीसारखे हातात आले. आत गंजकी जाळी होती आणि तिच्यात काहीतरी ठासून भरलेलं.

ओढलं. लोकरीचं छोटं अंगडं बाहेर आलं. दोन मोजे. टोपडं, आणि टोपड्याला आतून चिकटलेले पिवळे, बारीक केस. सगळं चिंब आणि सगळं गरम. नुकतंच मुलाच्या अंगावरून काढल्यासारखं गरम.

मी ते दाराबाहेर भिरकावलं. त्याच क्षणी भिंतीच्या त्या भोकातून माझ्या चेहऱ्यावरून एक लांब निःश्वास गेला... आंबट, ओलसर... आणि कडेवरची घरघर थांबली.

मी उल्काकडे बघायला घाबरत होते. बघितलं तेव्हा ती शांत होती, डोळे उघडे, त्या भोकाकडे टक लावून. पाणी ठिबकायचं थांबलं होतं.

फ्राउ केसलरने चिखलातलं अंगडं काठीने उलटंपालटं केलं.

"तुमच्या आधीची बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "पूर्व जर्मनीतून पळून आलेली. तीही वाऱ्याला फार भ्यायची."

"तिचं मूल?"

"गेली तेव्हा एकटीच गेली. आम्हाला वाटलं, मुलाला आधीच कुणाकडे पाठवलं असेल." तिने काठीचं टोक चिखलात पुसलं. "आम्ही विचारलं नाही."

उल्काला पुन्हा घरघर झाली नाही. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, छाती साफ म्हणाले. सासूबाईंना वाटलं, धुरीचा गुण.

आता ती चार वर्षांची आहे. आम्ही हॅनोव्हरला दगडी घरात राहतो. हे सकाळी जातात, संध्याकाळी येतात, पोरीचं सगळं उत्तम चाललंय म्हणतात. गेल्या आठवड्यात पहिली कडाक्याची थंडी पडली. खिडकीशी बसून मी काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि बोटाने तिच्यासाठी चांदणी काढली.

"आता तू कर."

उल्काने गाल फुगवून फुंकर मारली. पुन्हा मारली. मग वळून जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, बाय मिअर गेट एस निश्त." म्हणजे, आई, माझं होतच नाही.

"अगदी जवळ जा, बाळा."

तिने ओठ काचेला टेकवले. श्वास काचेवर आपटलेला मी ऐकला. काच स्वच्छच राहिली, पलीकडचा रस्ता, ट्रामचे रूळ, सगळं लख्ख दिसत होतं.

मी माझा तळवा तिच्या तोंडासमोर धरला. फुंकर लागली. गार होती, फटीतून वारा येतो तशी.