नलूचं अक्षर

लेखकाला मूड लागतो म्हणणाऱ्यांची वसंतरावांना भारी चीड. चाळीत सहाला नळ येतो, तो काय मूड बघून येतो? साडेसहाला चहा, सातला टेबल, नऊपर्यंत गोष्ट. काचबिंदूने आठ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे नेले, तरी गिरगावातल्या त्या दोन खोल्यांतला हा नेम मोडला नाही. ते सांगत आणि समोरच्या खुर्चीत बसून त्यांची बायको नलू उतरवून घेई. एखादं वाक्य खोटं वाटलं की ती पेन टेबलावर ठेवायची, टक्क करून.

"अहो, असं कुणी बोलतं का?"

वसंतराव आधी चिडायचे, मग गुपचूप वाक्य बदलायचे.

नलू चैत्रात गेली. श्रावण उजाडला तरी एक ओळ झाली नव्हती. दिवाळी अंकाचा संपादक शंतनू दिवसाआड फोन करी, "सर, निदान सुरुवात तरी पाठवा." लेक अक्षता म्हणे, फोनमध्ये बोलून ठेवा. फोनला कुठे गोष्ट सांगायची असते? वसंतराव रोज सातला बसत आणि नऊला तसेच उठत. गोष्ट सुचत नाही म्हणजे आपण मेलोच आहोत, फक्त अजून कुणी कळवलेलं नाही, असं त्यांना वाटू लागलं.

एका सोमवारी त्यांनी रिकाम्या खुर्चीपुढे कागद ठेवले, कागदांवर पेन ठेवलं आणि निव्वळ हताशपणे म्हणाले, "लिही गं. काळाचौकीत एक बाई होती."

कागदावर पेन खरखरलं.

ते गप्प झाले. पेनही थांबलं. खाली गल्लीत पाववाल्याने सायकलची घंटी वाजवली.

"तिला झोप येत नसे," ते हळूच म्हणाले. पेन पुन्हा खरखरलं.

रविवारी अक्षता डोंबिवलीहून आली. तिने टेबलावरचे कागद उचलले आणि खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिले.

"बाबा, हे कधीचं आहे?"

"या आठवड्यातलं."

"अक्षर आईचं आहे."

वसंतराव लहान मुलासारखे रडले. अक्षता घाबरली होती. "तुम्ही माझ्याकडे चला. आजच्या आज."

"मी आलो तर तिने कुणाचं लिहायचं?"

अक्षता गेली आणि शंकेने डोकं वर काढलं. बारा पानं झाली होती, पण पेन एकदाही टक्क करून खाली ठेवलं गेलं नव्हतं. त्यात वाईट वाक्यं होती, ती त्यांची त्यांनाच कळत होती. नलूने ती सोडली नसती. मग समोर कोण बसतं? ती नलू नसेल, हा विचार त्यांना सोसेना.

बुधवारी त्यांनी मुद्दाम खोटं सांगितलं. "तिच्या छातीत कळ आली, तेव्हा नवऱ्याने लिखाण तिथंच थांबवलं आणि डॉक्टरांना बोलावलं."

तसं घडलं नव्हतं. चैत्रातल्या त्या सकाळी छातीत दुखतंय म्हणून नलू दोनदा म्हणाली होती. वसंतरावांना तेव्हाच शेवट सापडला होता. एवढं पान होऊ दे, ते म्हणाले होते. पान झालं आणि ती खुर्चीतून घसरली. हे त्यांनी अक्षतालाही सांगितलं नव्हतं.

पेन थांबलं. टक्क.

"नलू!" त्यांना हुंदका फुटला. "तूच आहेस. चुकलो गं मी, फार चुकलो."

खुर्ची सरकली. टेबलाला वळसा घालून पावलं त्यांच्या मागे येऊन थांबली. त्यांच्या उजव्या हातात पेन दिलं गेलं. बोटं एकेक करून त्यावर मिटवली गेली.

हात चालू लागला.

आठ वर्षांत त्यांनी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. आपण काय लिहितोय, हे त्यांना कळत नव्हतं.

डाव्या खांद्यातून कळ निघाली आणि छातीत उतरली.

"नलू, दुखतंय गं. जरा थांबूया?"

भरलेलं पान हाताखालून अलगद ओढलं गेलं. त्या जागी कोरं पान सरकवण्यात आलं.