एकाहत्तरची गाडी विकणे आहे

ऋताला खरं तर प्रेशर कुकर हवा होता. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधलं मोठं घर विकून ओळखीचे अनिलकाका मुलाकडे राहायला चालले होते, म्हणून जुनं सामान विकायला त्यांनी गराज सेल लावला होता. बाहेर बारीक पाऊस होता, घराचे नंबर नीट दिसत नव्हते, आणि ऋता दोन घरं अलीकडच्याच उघड्या गराजमध्ये शिरली.

तिथे कुकर नव्हता. लांबलचक नाकाची, दोन दारांची एक जुनी गाडी होती आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. तेवढ्यात काहीतरी खणकन पडलं.

"आईशप्पथ..." गाडीखालून आवाज आला.

"लागलं का?" ऋतानं मराठीतच विचारलं.

पाय थबकले. मग सगळा माणूस बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, हातात पाना, आणि डोळ्यांत असं हसू की ऋता कुकर विसरली.

"गाडी बघायला आलात ना? ॲड वाचून?"

"हो," ऋता म्हणाली. "गाडी बघायलाच आले."

त्याचं नाव एकनाथ. सांगलीचा, इथे एका कंपनीत इंजिनिअर. गाडी एकाहत्तर सालची. तीन वर्षं राबून त्यानं इंजिन बदललं होतं, नवे ब्रेक बसवले होते, गंजलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड केला होता.

"ओरिजिनल राहिली असती तर तुमच्या-माझ्या बजेटमध्ये आली नसती," तो म्हणाला. "शौकीन लोक म्हणतात, बाटवली हिला. म्हणून नऊ हजार डॉलरांत देतोय."

"मग विकताय कशाला?"

"पुढच्या महिन्याच्या अखेरीला टेक्सासला, फ्रिस्कोला चाललोय. नवा जॉब. तिथल्या अपार्टमेंटला गराज नाही... आणि हिला उन्हात उभी ठेवणं मला नाही जमायचं."

तो बॉनेटवरून हात फिरवत होता. ऋताला त्या गाडीचा पहिल्यांदा हेवा वाटला तो तेव्हा.

"मला गिअरची गाडी येत नाही," ती म्हणाली. "शिकवाल? मग ठरवते."

त्यानं शिकवली. सलग तीन शनिवार, शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. दुसऱ्या शनिवारी 'अहो-जाहो' गळून पडलं. गिअरच्या दांड्यावर तिचा हात, त्यावर त्याचा. गाडी आचके देत बंद पडायची आणि दोघं हसत सुटायची. क्लच कधी सोडायचा ते ऋताला दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. ते तिनं त्याला सांगितलं नाही.

चौथ्या शनिवारी ती सँडविचेस घेऊन एकनाथच्या गराजवर आली, तर ड्रायव्हरच्या सीटवर एक अनोळखी मुलगी, प्रीता.

प्रीता इथेच जन्मलेली, उंच, मोकळी. "हाय! मी पण गाडी बघायला आलेय," ती म्हणाली आणि एकनाथला शेजारी बसवून भुर्रकन निघूनही गेली. एकदाही आचका नाही. तिला काही शिकवावं लागत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

वीस मिनिटं ऋता डबा धरून उभी राहिली. ती दोघं परतली ती हसतच. "नेट, यू आर अ जीनियस," एकनाथचं सरळ 'नेट' करून प्रीता म्हणाली आणि तो चक्क लाजला.

ऋताच्या अंगाचा तिळपापड झाला. तो हात धुवायला आत गेला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "खालून बघितलीस? तळ पार गंजलाय. वरवर रंग मारलाय नुसता."

प्रीताचा चेहरा बदलला. "ओह... थँक्स फॉर टेलिंग मी," म्हणून ती निघून गेली.

बुधवारी एकनाथचा फोन आला. आवाज पडलेला होता. "प्रीता नको म्हणाली गं. कारणही सांगेना. इतकी खूश होती... माझंच काहीतरी चुकलं असणार."

ऋतानं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "तुझं नाही चुकलं. मी तिला सांगितलं, तळ गंजलाय म्हणून."

"तो पत्रा मी स्वतः वेल्ड केलाय, ऋता. एक अख्खा हिवाळा, पाठीवर पडून. आणि तू त्याला गंज म्हणालीस?"

फोन बंद झाला.

आपल्याला काय झालं होतं, हे ऋताला नीट ठाऊक होतं. त्याची लाज जास्त वाटत होती. तिनं अनिलकाकांच्या ओळखीतून प्रीताचा नंबर मिळवला. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "गाडी चांगली आहे. मला फक्त... ती तू घ्यायला नको होतीस."

"गाडी मला स्वतःला नकोच होती," प्रीता हळूच म्हणाली. "बाबांसाठी घेणार होते."

शनिवारी ती वडिलांना, अरुणकाकांना, घेऊन आली. ते चौऱ्याहत्तरमध्ये डेट्रॉइटला शिकायला आले होते. अशी गाडी ते शोरूमच्या काचेतून रोज पाहायचे, पण आत पाऊल टाकायची हिंमत झाली नव्हती. प्रीतानं खाली वाकून, टॉर्च मारून सगळा तळ तपासला. काका मात्र स्टिअरिंगला दोन्ही हात लावून नुसते बसून राहिले. काही वेळानं त्यांनी चष्मा काढून पुसला.

पैसे देऊन बापलेक गाडी घेऊन निघाले. गाडी कोपऱ्यावर वळली आणि गराज एकदम मोठं दिसायला लागलं. एकनाथ तिथेच उभा होता. ऋताही.

"राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"असू दे. खरंच चुकलं माझं."

"पण प्रीताशी खोटं बोललीस... कशासाठी?"

"तुझ्या शेजारी बसली होती ना," ऋता म्हणाली. "मला आवडलं नाही. कुणीच बसलेलं आवडणार नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग मान खाली घालून हसला. "पहिल्या शनिवारी तू गेलीस, त्याच संध्याकाळी एकाचा फोन आला होता. पूर्ण नऊ हजार द्यायला तयार होता. मी सांगितलं, गाडी विकली."

ऋता गाडीच्या रिकाम्या जागेवरून एक पाऊल पुढे आली.

"आता गाडी नाही," तो जवळ येत म्हणाला. "फ्रिस्कोपर्यंत कुणीतरी सोडायला हवं मला. दोन दिवसांचा रस्ता आहे."

"हळू चालवली तर तीन," ऋता म्हणाली.