घरातल्या सगळ्यांना दूध

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? हरिता माझी सख्खी मावसबहीण. तंजावूरला जाऊन तिलाच विचारा. सगळं दिवसाढवळ्या घडलंय, सुरुवात तेवढी पहाटेची.

पोंगल नुकताच झाला होता. हरिता, तिचा नवरा वरुणराव आणि छोटी कीर्तना त्या पहाटे मेल वीथी या रस्त्यामागच्या भाड्याच्या घरात शिरले. वर्षभर घर शोधून दोघं मेटाकुटीला आली होती. वरुणराव कॉलेजात शिकवतात. पण तंजावुरात भाडी अशी चढलीत की मास्तरांनी बहुधा मोठ्या देवळाच्या आवारातच पथारी टाकावी!

आणि हे घर निम्म्या भाड्यात मिळालं. घरमालक सूर्यनारायण अ‍ॅडव्हान्ससाठीही अडून बसले नाहीत.

इतकं स्वस्त का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं आणि घर हातचं गेलं तर?

तिकडे नव्या घरात आधी दूध उतू घालवतात. मग हरिताच्या घरची रीत अशी, की एकेकाला नावाने हाक मारून पेला हातात द्यायचा.

नावानेच. मोघम हाक मारायची नाही.

पण दूध भरभरून उतू गेलं आणि हरिताला आनंद आवरेना. ती मोठ्याने म्हणाली, "घरांतले असके या! असके दूध घ्या!"

असके म्हणजे सगळे.

वरुणरावांनी पेला घेतला. कीर्तनाने घेतला. हरिताने आपला उचलला.

चौथा पेला तिने काढलाच नव्हता...

तरी तो ओट्यावर होता. रिकामा. आत ओली साय चिकटलेली.

"तुम्ही दोनदा घेतलांत काय?"

"नाही गे," वरुणराव म्हणाले.

हरिताने पेला घासून ठेवला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

मग दुपारचे आवाज सुरू झाले. स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या... हरिता आत गेली की थांबायच्या.

कीर्तना वेणी घालून घ्यायला आईकडे येईनाशी झाली.

वेणी मात्र रोज घातलेली असायची...

"कोणी घातली गे?"

"पाट्टीने."

पाट्टी म्हणजे आजी. कीर्तनाच्या दोन्ही आज्या तिच्या जन्माआधीच गेल्यात.

हरिता हादरली. पण लेकीला घेऊन जाणार कुठे? रस्त्यावर?

उन्हाळ्यात सूर्यनारायण दुप्पट भाडं देणारं एक कुटुंब घेऊन आले. "महिनाअखेर घर रिकामं करा," म्हणाले. त्या कुटुंबातली कनकलता स्वयंपाकघर बघायला एकटीच आत गेली.

पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"तुमच्या सासूबाई म्हणतात, नात इथेच राहणार. घर सोडणार नाही."

ती माणसं गेली ती गेलीच. सूर्यनारायणांनीही पुन्हा घर रिकामं करायचं नाव काढलं नाही. घर वाचलं. हरिताला इतकं हायसं वाटलं, की तिने स्वयंपाकघराकडे वळून चक्क हात जोडले. मला हे सांगताना ती ढसाढसा रडली होती.

गेल्या महिन्यात तिरुवैयारूला परवडण्याजोगं एक घर मिळालं. लहानसं, पण नदीजवळ. हरिताने धडाधड सामान बांधलं. कीर्तना मात्र स्वयंपाकघराच्या दारातून हलेना.

"तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "पाट्टीने हें घर माझ्यासाठी राखलंय."

हरिताने तिचा हात धरून ओढलं.

दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी ओढलं...

पोर कळवळली. हरिताने हात सोडला. आईच ती, तिलाच सोडावा लागला.

बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. तिघंही अजून तिथेच राहतात.

काल दुपारी मी फोन केला. कीर्तना काय करतेय, विचारलं.

"जेवते आहे. आंत."

"मग तू बाहेर काय करतेस? वाढत नाहीस तिला?"

हरिताने आवाज खाली आणला. मागे बांगड्या वाजत होत्या...

"मज आंत जाऊं देत नाहींत गे."