खूण परत करायची असते

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोगच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली धबधबा आहे, आणि माझा आवाज जिच्यापुढे फिका पडतो अशी तेवढी एकच गोष्ट या जगात आहे. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. उजवा हात सरळ वर केला की ‘ये’. छातीसमोर आडवा धरला की ‘थांब’. जेवायला बोलवायचं तर हात वर, ताटात नको इतकं पडायला लागलं तर हात आडवा. सून नवीन होती तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे बघून हात वर केला, तर ती दाराआड पळाली. तिला वाटलं, सासूने पहिल्याच दिवशी हात उगारला. मी म्हटलं, "अगं, मला हात कशाला लागतो? जीभ दिलीय की देवाने."

या खुणा मुळात घरातल्या नव्हेत, नदीवरच्या. आधी आमचे हे आणि मग माझा मुलगा, दोघंही या धबधब्यावरून कयाक न्यायचे. कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी. माणूस कमरेपर्यंत तिच्यात गच्च बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने तिला वळवतो. कड्यावर आलेल्याला खालचा डोह दिसत नाही, फार तर कडेला उभा असलेला माणूस. पाण्याची एक चकचकीत रेघ, आणि तिच्यापुढे आभाळ. म्हणून आधी एकाने खाली जाऊन डोह बघायचा आणि वल्ह्याने सांगायचं. उभं वल्हं, ये. आडवं वल्हं, थांब. वल्हं हाताशी नसेल तर हात. आणि ज्याला खूण मिळाली त्याने तीच खूण परत करायची. परत केली नाही तर ती पोचलीच नाही असं धरायचं; परत केली की शब्द दिला. हे आमच्यात इतकं मुरलंय, की जेवायला बोलावल्यावर ज्याने उलट हात वर केला नाही त्याचं ताट मी मांडत नसे. मग तो कितीही भुकेला असो.

आता पाण्याचं. मी चौथीत शाळा सोडली. गुरुजी मला आवडत नव्हते आणि मी गुरुजींना. पण ही नदी उभा जन्म बघितली आहे. डोहाच्या तोंडाशी एक काळा खडक आहे, त्याला आम्ही म्हैस म्हणतो. म्हैस पोटापर्यंत बाहेर दिसली की पाणी कमी. होडी सपाट आपटते आणि पाठीचा मणका जातो. नुसती पाठ दिसली की पाणी चांगलं. तेव्हा कड्यावरून उजव्या अंगाला एक गुळगुळीत पट्टी सुटते, तिच्यावरून अलगद खाली यायचं. म्हैस बुडाली की होडी खांद्यावर घ्यायची आणि घरी यायचं. नवखे म्हणतात, पाणी जास्त तर डोह खोल, मग भीती कसली? भीती ही, की तेव्हा पडलेलं पाणी पुढे जात नाही, उलटं फिरून धबधब्याखालीच येतं. त्याला आम्ही घुसळण म्हणतो. पांढरं, फेसाळ, निम्मी हवाच. त्यात माणूस तरंगत नाही आणि बुडतही नाही. फिरत राहतो.

माझा मुलगा तिथे गेला. खाली सून उभी होती. म्हैस बुडताना तिने पाहिली, वल्हं आडवं धरलं, आणि तरी तो आला. "मी आडवंच धरलं होतं, आई," ती म्हणाली. बाकी दहा गोष्टींत मी तिच्यावर विसंबणार नाही, पण यात विसंबले. मग ती आणखी एक वाक्य म्हणाली. "त्यांनी खूण परत केली, पण उभी. आणि माझ्याकडे बघून नाही." दुःखात माणूस काहीही बोलतं, म्हणून मी ते सोडून दिलं. मुलगा सापडला, आम्ही त्याला नीट पोचवलं. तो नदीत राहिला असं कुणी समजू नये. सून लेकीला घेऊन शहरात गेली, इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिला हा आवाज नको झाला होता. आमचे हे तर आधीच गेले होते. मला आवाजाशिवाय झोप येत नाही. मी राहिले.

एकटीचं घर फार नीटनेटकं असतं. ठेवलं तिथे सगळं सापडतं, आणि त्याचाच वैताग येतो. अधूनमधून एक प्रशिक्षक शिकाऊ माणसं घेऊन यायचा. सदान्कदा ओला आणि सदान्कदा बडबडत, म्हणून मी त्याला बेडूक म्हणायचे. एकदा चांगल्या पाण्यात सगळ्यांना खाली उतरवून तो वर चहाला आला.

"आजी, पाटावर तुमचा माणूस उभा केलात ते बरं झालं. एकदम जुन्या वळणाचा हात आहे हो."

पाट म्हणजे डोहाच्या कडेचा सपाट खडक. खूण देणारा तिथे उभा राहतो.

"माझा कुठला माणूस?"

"ते नाही का, उंच. वल्हं घेऊन."

"बेडका, माझ्याकडे माणूस असता तर गॅसचं सिलिंडर मी ओढत आणलं असतं का?"

तो हसला. चहा मात्र अर्धा टाकून गेला, आणि पुन्हा काही आला नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी मी जेवण वाढलं. एकच ताट. आणि खिडकीकडे तोंड करून हात वर केला. कुणाला बोलवायचं नव्हतं, नुसती सवय. हात पुढे जातो, डोकं मागून येतं. खाली पाटावर कुणीतरी होतं. त्याने वल्हं उभं केलं. खूण परत केली.

फिरायला आलेलं कुणी असेल म्हणून मी जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हात वर केला. पुन्हा वल्हं उभं. तुषारांमुळे तोंड दिसत नव्हतं. आमचे हे नव्हेत, आणि माझा मुलगाही नव्हता तो. मी आई आहे, नुसत्या उभं राहण्यावरून ओळखलं असतं. मुलगा एका पायावर भार टाकून उभा राहायचा. नीट उभा राहा म्हणून मी जन्मभर ओरडले. हा दोन्ही पायांवर सारखा, रोवल्यासारखा. खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही. इतक्या वर्षांनी माझ्या हाताला कुणीतरी उत्तर दिलं होतं. मी रोज हात करायला लागले. वेणी घालून खिडकीत जायला लागले. ताट मात्र त्याचं मांडलं नाही. एवढी काही खुळी नाही मी.

मग वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि म्हैस बुडाली. म्हैस बुडते तेव्हा पाटही बुडतो. आज त्याला उभं राहायला जागा नाही, असं मनात म्हणत मी खिडकीत गेले.

तो होता. पाणी त्याच्या पायांखालून जात होतं, आणि पायांशी फेस फुटत नव्हता. वाहत्या पाण्यात साधी काठी रोवली तरी तिच्याभोवती भोवरा होतो.

मी हात वर केला नाही. खिडकीला पडदा लावला.

आणि अशात नात आली. न कळवता, गाडीच्या टपावर पिवळी कयाक बांधून. हनुवटीवरचा खड्डा बापाचा, हट्ट आईचा, आणि जीभ कुणाची ते सांगायला नको.

"पडदा काय लावलायस, आजी? कोंडवाडा करून टाकलास."

"डोळ्यांना ऊन लागतं."

"उत्तरेच्या खिडकीतून?"

मी विषय बदलला. तिने बदलू दिला नाही. तिला एकदा, फक्त एकदा, बापाच्या धबधब्यावरून यायचं होतं.

"आईला सांगितलंस?"

"आईला सांगितलंय की आजीला भेटायला जाते."

"मग भेटलीस. आता जा."

"आजी, म्हशीची पाठ दिसली तरच. नाही दिसली तर होडी खांद्यावर आणि परत, शपथ. पण खाली तू उभी राहा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मला कसं चढवायचं हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण मी त्यासाठी ‘हो’ म्हटलं नाही. ही एकच उरली आहे मला. मी नाही म्हटलं असतं तर ती कुठल्यातरी बेडकाला खाली उभं करून आली असती. माझ्या डोळ्यांदेखत आलेली बरी, असं वाटलं.

सकाळी तिनेच पडदा सारला. म्हशीची पाठ वर होती, पाट कोरडा होता, आणि त्यावर कुणी नव्हतं. ती होडी घेऊन वरच्या वाटेने गेली. मी वल्हं आणि दोराची पिशवी घेऊन खाली उतरले. उतरता उतरता पाणी गढूळ झालं. गढूळ पाणी म्हणजे वर कुठेतरी नदी वाढली आहे आणि इथवर येते आहे. मी पाटावर गेले नाही, काठाच्या उंच दगडावर थांबले. म्हशीच्या पाठीवरून पाणी जायला लागलं होतं. बघता बघता ती गेली. मागोमाग पाट गेला.

मी वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं.

कड्याच्या डाव्या कोपऱ्यात, संथ पाण्यात, पिवळी होडी आणि लाल हेल्मेट. तिने मला बघितलं. तिचं वल्हं आडवं झालं. खूण परत आली. शब्द दिला. आता ती काठाला लागेल, नदीला शिव्या घालेल, आणि दुपारी आम्ही दोघी जेवू.

मी वल्हं खाली ठेवलं.

पाटाच्या जागी तो उभा होता.

इतक्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. तुषारांनी माझ्या अंगावरचं सगळं ओलंचिंब झालं होतं. त्याचे कपडे कोरडे होते. तो नातीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

त्याने वल्हं उभं केलं.

मी काही केलं नाही. हाताने केलं.

उजवा हात सरळ वर गेला. जेवायला बोलावल्यासारखा.

कड्यावर नातीने माझा हात बघितला.

तिचं वल्हं उभं झालं.

आणि ती निघाली.

पिवळं टोक आभाळात आलं, झुकलं, घुसळणीत गेलं. होडी उपडी वर आली. पुन्हा आत गेली. पाटाच्या जागी आता नुसतं पाणी होतं. मी ओरडत होते, असं मला नंतर घशावरून कळलं. मग उजव्या अंगाला, जिथून मोठ्या पाण्यात कधी काही बाहेर पडलेलं नाही तिथून, लाल हेल्मेट बाहेर पडलं. मी दोर टाकला. तिने धरला.

स्वयंपाकघरात तिला पांघरूण गुंडाळून बसवलं. खिडकी घट्ट लावली, म्हणजे बोललेलं ऐकू येईल.

"आधी थांब म्हणालीस, मग ये म्हणालीस," दात वाजत होते तिचे. "काय ते एक ठरव ना."

"पाटावर कुणी दिसलं तुला?"

"पाट होताच कुठे?" तिने कपाला दोन्ही हातांनी धरलं. "आजी, आत ना, आवाज नव्हता. जरासुद्धा. आणि कुणीतरी माझं डोकं चाचपत होतं. आंधळं माणूस कसं तोंडावरून हात फिरवून बघतं, कोण आहे ते? तसं. सावकाश. मग सोडलं."

"कुणी धरलं होतं म्हणून सोडलं?"

तिने कप पुढे केला. मी तिच्या चहात आणखी साखर घातली. पुन्हा या नदीत पाय टाकणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने हात आडवा धरला. मी आडवा धरला. होडी माझ्याकडेच ठेवून ती आईकडे परत गेली.

पाणी उतरलं. म्हशीची पाठ दिसली, मग पोट दिसलं. पाट कोरडा पडला. धबधबा इतका बारीक झाला, की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

तो मात्र पाण्याबरोबर खाली उतरला नाही. मोठ्या पाण्यात जेवढ्या उंचीवर उभा होता तेवढ्याच उंचीवर अजून आहे. पायांखाली हवा. वल्हं उभं. दिवसभर.

मी परत करत नाही. उजवा हात मांडीखाली दाबून बसते. डाव्या हाताने जेवते, अर्धं सांडतं, आणि सांडलं म्हणून मला बोलायला कुणी नाही. झोपताना मनगट जुन्या ओढणीने पलंगाला बांधते.

आज सकाळी त्याने वल्हं खाली घेतलं.

ज्यांना नदी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उभं केलेलं वल्हं माणूस खाली घेतो ते एकाच वेळी. समोरचा निघालेला दिसला की.

मी खुर्चीत होते. कुठेही निघाले नव्हते.

फोन वाजला. नात.

"आजी, निघाले बरं का मी."

"कुठे?"

"कुठे काय?" ती हसली. "मघापासून हात वर करून बसलीयस, आणि वर मलाच विचारतेस!"

फोन डाव्या हातात, कानाला होता. उजवा कुठे आहे ते बघायला मी मान वळवली नाही.