अवसेच्या दुपारची खाडी

“मॅडम, चार दिवसांत अहवाल हवा. मुलीला कामावरून काढायचंच आहे, फक्त कागद सरळ लागतील.”

गटविकास अधिकारी साहेबांचा फोन ठेवून दमयंती सावे कपाळाला हात लावून बसल्या. विस्तार अधिकारी म्हणून बावीस वर्षं त्या कागदच सरळ करत आल्या होत्या. निकाल आधी लागायचा आणि चौकशी मागून चालत यायची.

बोईसरच्या पलीकडे खाडीकाठी वडखारी ग्रामपंचायत. तिथली लिपिक स्नेहल तामोरे. शुक्रवारी दुपारी बारा चाळीसला तिच्या फेसबुकवर एक पोस्ट पडली. फोटोत काळा ओघळ, उघडा चिखल, कलंडलेली होडी. खाली मजकूर: ‘आत्ता जेवायला घरी जाताना काढलेला फोटो. कारखान्याचं विष खाडीत, आणि आमचे सरपंच त्यांचे मिंधे.’

कर्मचाऱ्याने आपल्याच सरपंचावर असं लिहिणं म्हणजे वर्तणूक नियमांचा सरळ भंग. तासाभरात पोस्ट पुसली गेली, पण तोवर सरपंचांची तक्रार वर पोचली होती.

वडखारीच्या कार्यालयात समोर बसलेल्या स्नेहलचे डोळे रडून सुजले होते. बापाची होडी वर्षभर काठाला पडून. घर तिच्या पगारावर चाललेलं.

“पोस्ट तू टाकलीस?”

“नाय मॅडम. फोटो माझा हाय. आदल्या शुक्रवारी काढला, पान्याच्या चौकशीसाठी अर्ज केला, कार्यालयाच्या ग्रुपवरपन टाकला. पन हे मी नाय लिवलं.”

“मग तुझ्या खात्यावर गेलं कसं?”

“आमची समद्यांची खाती कार्यालयाच्या टॅबवर उघडीच असतात. पंचायतीच्या पानाला लाइक कमी पडतात म्हनून नागोराव सायबांनी उघडून ठेवलीत.”

दमयंतींना हसू आलं आणि रागही. प्रत्येक उद्घाटनाच्या फोटोला कर्मचाऱ्यांचे चार अंगठे, पण दाबणारं बोट एकच!

टॅब ललितच्या खणात असायचा. ललित दवणे, कंत्राटी संगणक चालक, त्याच गावचा, बापाच्या बोटीवर वाढलेला. स्नेहलची जागा रिकामी झाली तर पहिला हक्क त्याचाच.

“शुक्रवारी दुपारी कुठे होतास?”

“घरी, जेवाय.”

“खणाला कुलूप?”

“चावी खिळ्याला. कोनीपन काढतो.” त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, मी एवढा नीच नाय.”

ग्रामविकास अधिकारी नागोराव तीन वर्षांपूर्वी घाटावरून बदलून आलेले. त्यांनी चहा मागवला.

“मी तर सकाळपासून पालघरला बैठकीत. मुलगी हुशार आहे हो, पण तोंड आवरत नाही.”

“तिच्या अर्जाचं काय केलंत?”

“बघतो म्हटलं होतं.”

शिपाई पुंजाराम मासवणचा. त्याला कुणी काही विचारेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

“शुक्रवार? अवस व्हती ना. जेवनाच्या सुट्टीत सायबांच्या गाडीला नारळ मीच फोडला. मग त्यांनी मला खोबरं वाटाय अंगनवाडीत धाडलं.”

दमयंतींनी वही मिटली आणि सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

“माझं माहेर केळव्याचं. आमच्या वाडीत मासेवाली तिथी बघून यायची. अवसेला दुपारी खाडी कशी असते, ललित?”

“टच्च भरलेली.” तो बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

“आणि फोटोत चिखल उघडा. आदल्या शुक्रवारी अष्टमी होती, भर दुपारची ओहोटी, म्हणून तो तसा आला. तोच फोटो अवसेला ‘आत्ताचा’ म्हणून टाकायची चूक स्नेहल करणार नाही, ललितही नाही. इथली शेंबडी पोरंही हसतील. पुंजाराम तर तेव्हा अंगणवाडीत खोबरं वाटत होता. ज्याने तीन वर्षांत एकदाही खाडीकडे वळून पाहिलं नाही, त्याच्याच हातून ही चूक झाली. नागोराव, पालघरला होतात, तर तुमच्या गाडीपुढे नारळ कसा फुटला?”

नागोरावांनी पुंजारामकडे रागाने पाहिलं.

“त्या कारखान्याला ना हरकत दाखला तुमच्या सहीचा. अर्ज वर गेला असता तर तुम्हीच अडकला असता. म्हणून अर्जदारालाच गुन्हेगार केलंत. सरपंचांना मुद्दाम डिवचलंत, म्हणजे तक्रार ते करतील आणि तुमचे हात स्वच्छ.”

“वरून दबाव होता हो,” नागोराव पुटपुटले. नाकारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

दमयंतींनी त्याच संध्याकाळी अहवाल दिला. चार दिवसांनी आदेश आला. नागोरावांची बदली. स्नेहलची नोकरी कायम, हमीपत्राच्या अटीवर: कार्यालय, कारखाना वा खाडी यांविषयी ती कुठेही काही लिहिणार नाही, फोटो टाकणार नाही. तो कागद घेऊन दमयंतींनाच वडखारीला जावं लागलं.

स्नेहलने तो दोनदा वाचला.

“आन पान्याची चौकशी कोन करनार, मॅडम?”

“ती माझ्या आदेशात नाही, बाळ.”

बोलताना दमयंतींना स्वतःचीच किळस आली. सही करू नकोस, असं ओठांवर आलं होतं. पण त्या घरचा पगार त्या देणार नव्हत्या.

स्नेहलने सही केली. मग मोबाइल काढून तो फोटो त्यांच्यासमोर धरला.

“हा ठेवू, का पुसू?”

दमयंतींनी हमीपत्राची घडी घालून पिशवीत ठेवली. बावीस वर्षांत इतका सरळ कागद त्यांच्या हातून झाला नव्हता.