नसलेली ओढणी

चहा गॅसवर उकळत होता आणि सोलापुरातील त्या दोन खोल्यांच्या घरात, भिंतीवरच्या पडद्यावर, कोरियाचा विख्यात गायक हान-बित आपले नवे गीत सादर करीत होता. त्या काळी यात नवल उरले नव्हते. चाहत्यांनी आपल्या नाचाच्या आणि मनोगताच्या चित्रफिती पाठवाव्यात आणि गायकाने त्या पाहून सर्वांना मिळून एकाच नव्या गीताने उत्तर द्यावे, अशी सोय घरोघरी पोहोचली होती. त्या उत्तराला ‘प्रतिसादपट’ म्हणत. गायक स्वतः नाचतो, यंत्र केवळ त्याची भाषा बदलते, अशी कंपनीची ग्वाही होती.

भाग्यलक्ष्मी गुंडेटी बोलताना अडखळत असे. हान-बितही पूर्वी अडखळत असे. शब्द अडला की तो अंगठा अनामिकेवर टेकवी आणि शब्द मोकळा होई. ही युक्ती तिने त्याच्याच जुन्या चित्रफितींतून आत्मसात केली होती. आपले वाक्य संपेपर्यंत वाट पाहणारा माणूस या पृथ्वीतलावर तो एकच, अशी तिची दृढ श्रद्धा होती.

चहा गाळता गाळता आई थबकली.

“भाग्या, ह्या पोराच्या खांद्यावर काय हाय गं?”

“का-काही नाही.”

“मग सावरायलाय काय? ओढणी?” आई खदखदून हसली. “ही तर तुझी खोड की! गिरकी झाली की खांद्याकडं हात.”

भाग्याने पट मागे नेला. गिरकी संपली, त्याचा उजवा हात रिकाम्या डाव्या खांद्यावर गेला आणि नसलेल्या ओढणीची चुणी नीट बसवून खाली आला.

प्रथम तिला धन्यता वाटली. त्याने आपल्याला इतके निरखून पाहिले! तिने तत्काळ मालेगावच्या तबस्सुमला फोन लावला. तबस्सुम तिच्यासारखीच त्याची निस्सीम चाहती. पण ती हसली नाही.

“ओढणी तुझी असेल. पण कडव्याच्या शेवटी नाकावर बोट नेतो ना? तो माझा चष्मा वर सारतोय, भाग्या. त्याने कधी चष्मा घातलाय का?”

बातमी वणव्यासारखी पसरली. ज्याने त्याने आपापली खोड ओळखली. कुणाचे खोकणे, कुणाचे मान झटकणे. ओळखून ओळखून अखेर त्या गीतात हान-बितची म्हणावी अशी एकही हालचाल शिल्लक राहिली नाही. भाग्याने पडदा बंद केला. तो तिथे नसेल, तर इतकी वर्षे आपण मन कुणापुढे मोकळे केले?

युक्ती तबस्सुमनेच काढली. “या वेळी कुणी नाचायचंच नाही. सगळ्यांनी नुसतं उभं राहायचं. यंत्राला उचलायला काही मिळालं नाही, तर जे उरेल ते त्याचं.”

ठरल्या दिवशी देशोदेशीचे चाहते कॅमेऱ्यापुढे स्तब्ध उभे राहिले. भाग्याही राहिली. मोबाइल आईने धरला होता.

पुढचा प्रतिसादपट आला. संगीत वाजू लागले, दिवे उजळले आणि हान-बित पुतळ्यासारखा उभा राहिला. त्याची छातीदेखील हलत नव्हती. भाग्याने श्वास रोखून धरला. गीत सरत आले, तेव्हा त्याचा अंगठा किंचित हलला. अनामिकेवर टेकला. पुन्हा टेकला. शब्द अडलेल्या माणसासारखा.

“आई! तो आहे!” भाग्या ओरडली. ती अडखळली नव्हती, हे तिच्या ध्यानातही आले नाही. “तो आत आहे, त्याला काहीतरी बोलायचंय!”

आई पडद्याकडे पाहत राहिली. मग हलकेच म्हणाली, “असंल बाई. पण तू तरी कुठं गप उभारली होतीस? मी बघत होते की. तुझा अंगठा चालूच होता.”

भाग्याने आपल्या हाताकडे पाहिले. अंगठा आताही अनामिकेवर टेकत होता. पडद्यावरचाही टेकत होता, त्याच लयीत. ती खूण तिने त्याच्यापासून घेतली होती. यंत्राने ती तिच्यापासून घेतली असेल, तर आता पलीकडून हाक मारीत होते ते कोण?