कसबवापसी

चौदा महिन्यांच्या आजारपणानंतर वैजाक्का पाटोळे दूध संघात हजर झाल्या त्या दोन कागद घेऊन. एक तंदुरुस्तीचा दाखला आणि दुसरा कसबवापसीचा अर्ज. पहिला पाहून व्यवस्थापकांनी अभिनंदन केलं. दुसरा पाहून त्यांनी चहा मागवला, म्हणजे विषय अवघड होता.

त्या काळात आजारी माणसाची जागा रिकामी राहत नसे. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला, डोळ्याला किंवा नाकाला जे येतं, ते मेंदूत पेशींच्या जोडण्यांच्या रूपात बसलेलं असतं. या जोडण्यांचा नकाशा टिपून तो दुसऱ्याच्या मेंदूत उमटवायची युक्ती शास्त्रज्ञांना सापडली होती. तिला कसबठसा म्हणत. रजेवर जाणारा आपला ठसा बदली कामगाराला देऊन जायचा. सुरुवातीला कारखानदारांनी यात हात धुऊन घेतले. एका वाकबगार कामगाराचे चाळीस ठसे काढायचे आणि मूळ माणसाला घरी बसवायचं! मग संप झाले, धरणे धरली गेली. वैजाक्का स्वतः अकरा दिवस फाटकाशी बसल्या होत्या. अखेर कायदा आला. ठसा यंत्रात साठवायचा नाही, एका वेळी एकाच बदलीला द्यायचा, आणि मूळ माणूस परतला की बदलीच्या डोक्यातून पुसायचा. आजारपणापायी कोणाची भाकरी जाऊ नये एवढाच हेतू होता आणि तो चांगलाच होता.

वैजाक्कांचं कसब नाकाचं होतं. गावोगावचे कॅन धक्क्यावर उतरले की झाकण उघडून नाकाशी धरायचं आणि दूध घ्यायचं की परत धाडायचं ते सांगायचं. यंत्रं फॅट सांगत, आंबटपणा सांगत. पण म्हशीने काल कांद्याची पात खाल्ली, किंवा कॅन घाईत विसळला, हे वैजाक्काच सांगत. एकोणीस वर्षांत त्यांचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता.

आता मात्र पंचाईत झाली होती. आजार बरा झाला, पण औषधांनी कसबाचं पाणी केलं. वास येई, ओळखू येत नसे. घरी त्यांनी सुनेला न सांगता नासलेलं आणि ताजं दूध शेजारी ठेवून पाहिलं होतं, आणि दोन्ही सारखीच वाटली तेव्हा ओट्याशी उभ्या राहून त्या रडल्या होत्या. धक्क्यावरचं काम गेलं तर आपण कोण उरतो, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

"नाक ठणठणीत आहे तुमचं," ठसाकेंद्राचे डॉ. हेर्लेकर म्हणाले, "त्याच्यामागचा मेंदूतला नकाशा पुसट झालाय."

"मग माझ्या बदलीवरच्या त्या पोरीच्या डोक्यातनं पुसायच्या आधी मलाच द्या की परत."

"देता येईल. कायद्यात सोय आहे. पण वैजाक्का, ठसा म्हणजे डब्यात भरून ठेवलेलं पीठ नव्हे. हर्षाली त्या नाकाने चौदा महिने जगलीय. त्या काळात ती वासाने जे जे शिकली, ते त्याच जोडण्यांत गुंतलंय. ते सगळं तुमच्याकडे येईल, आणि तिच्याकडून जाईल. शिवाय वास एकटा येत नाही. त्या वासाबरोबर तिला जे वाटलं, तेही येतं."

"दुधाच्या वासानं कुणाला काय वाटतंय, डॉक्टर!" वैजाक्का हसल्या. डॉक्टरही हसले.

नियमाप्रमाणे बदलीकडून एक कागद भरून घेतला गेला. 'या कसबाच्या आधारे नवीन काय शिकलात?' हर्षाली मगदूमने दोन्ही बाजू भरून लिहिलं. कुठल्या गावच्या दुधाला सरकीचा वास येतो, कोणाचा कॅन आतून गंजलाय, अशी बेचाळीस गावांची कुंडली. मधल्या काळात ती बाळंत झाली होती, त्याचा कागदावर उल्लेख नव्हता. घरचं कामाच्या कागदावर लिहायचं नसतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वाचणाऱ्यांनाही काही राहिलंय असं वाटलं नाही.

"तुमचंच हाय ते, अक्का," सही करताना हर्षाली म्हणाली. "मी नुसतं सांभाळलं." शुक्रवारी ठसा वैजाक्कांकडे फिरवला आणि हर्षालीला पॅकिंग विभागात घेतलं.

सोमवारी वैजाक्कांनी पहिलं झाकण उचललं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सरकी! दुसऱ्यात ओली वैरण. तिसरा कॅन त्यांनी "परत" म्हणून ढकलला, तेव्हा हमाल खूश होऊन ओरडले. त्या सकाळी त्यांच्याइतकं सुखी माणूस तालुक्यात नव्हतं.

दुपारी जेवायला जाताना वाटेत संघाचं पाळणाघर लागलं. दारातून एक वास आला आणि वैजाक्कांचे पाय वळले. सात पाळण्यांतला तिसरा. आतली मुलगी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, तरी तिला छातीशी धरताच डोळे भरून आले. इतकी माया त्यांना स्वतःच्या मुलांची तरी वाटली होती का?

"घेतली व्हय रेणूला?" मागून हर्षाली आली. तिने मुलगी घेतली, सवयीने तिच्या जावळात नाक खुपसलं आणि तशीच थांबली.

"अक्का, हिचा वास येतो का हो तुम्हास्नी?"

"येतो की."

"मला पावडरचा येतो, तेलाचा येतो. हिचा न्हाई येत. शुक्रवारपासनं हुडकतेय. कसा असतो?"

वैजाक्कांनी सांगितलं. कानामागे जरा आंबूस, झोपली की उन्हातल्या गोधडीसारखा, रडायच्या आधी किंचित तिखट. हर्षाली शेजारणीच्या मुलाची हकीकत ऐकावी तशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "चांगला हाय की."

वैजाक्कांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. घडलं ते सांगितलं.

"बाळाचं आपण विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "पंधरा दिवसांच्या आत ठसा उलट फिरवता येईल. अर्ज मूळ धारकाचा लागतो, म्हणजे तुमचाच. पण कायद्याने धारक एकच. तुमच्याकडे काही उरणार नाही."

"कळलं."

त्यांनी कार्यालयातून कोरा अर्ज आणला. जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. एकोणीस वर्षांच्या धक्क्यावर पाणी सोडायला मन तयार होतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. पेन सहीच्या रेघेवर टेकलं, तेवढ्यात वारा पाळणाघराकडून आला. रेणू जागी झाली होती. आता रडेल.

वैजाक्कांनी अर्जाची घडी घातली, फाडली आणि हर्षालीच्या आधी पोचायला त्या झपझप निघाल्या. नोकरी सोडायला त्या तयार होत्या. पोरीला सोडायला नव्हत्या.